मोहाची धार आणि वाजणारा डबा

"डबा वाजून राह्यला होता, तरी माह्या भावाले काऊन उतरू देलं?" हे मी किती जणांना विचारलं.

आम्ही राजुऱ्याकडे विहिरी उपसायचो. चंद्रपूरच्या कॉलेजातल्या एका सरांनी वापरून पाहायला तो डबा दिला होता. आत नखाएवढी चकती, तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कणांचा थर. पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या धुरातला विषारी वायू लागला की त्या थरातून वीज जास्त वाहते आणि डबा वाजतो. दारूच्या वाफेनेही वाजतो, हे सरांनीच सांगितलं होतं.

आमच्यात उतरण्याआधी विहिरीला मोहाच्या दारूची धार देतात. त्या दिवशी धार दिली आणि सुतळीला बांधून डबा आत सोडला. तो किंचाळायलाच लागला.

"मोहाचा वास लागला त्याले," मुकादम म्हणाला.

"बिना पेताच चढली!" आमच्या टोळीतला सदू हसला.

भाऊही हसतच उतरला. विहिरीत सकाळभर इंजीन चाललं होतं. त्याला वर काढलं तेव्हा श्वास नव्हता.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच विहिरीवर धार दिली आणि डबा पुन्हा वाजला.

"मोहच हाये," म्हणत मुकादमाने सदूच्या कमरेला दोर बांधला.

"अर्धा घंटा थांबा ना," मी म्हणालो. " मोहाचा वास असन तर उडून जाईन."

"तुहा भाऊ गेला म्हणून सगळ्याईचं काम बंद ठेवू काय?"

मी कोयता घेतला, सदूच्या कमरेपासून दोर तोडला आणि सगळा विहिरीत फेकून दिला.