काऽही न लागणारं झाड

...आणि वर म्हणते कशी, "काऽही लागत नाही हो त्याला, कोंपाद्रे!" काही लागत नाही म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मेक्सिकोतल्या या तुलानसिंगोच्या बाजारात रंग, खिळे नि नळाच्या तोट्या विकतोय, पण काही न लागणारी वस्तू अजून माझ्या गल्ल्यासमोर आलेली नाही. खिळ्याला हातोडी लागते, हातोडीला दांडा लागतो, दांड्याला पाचर लागते, आणि हातोडी अंगठ्यावर बसली की पट्टी लागते, तीही मीच विकतो! आणि ह्या दीडवितीच्या... दीडवीत कसली, मुठीएवढ्या झाडाला म्हणे काही लागत नाही!

हे म्हणणारी कोण, तर ओर्तेन्सिया. तिच्या पालोमाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये पोरीला हातावर घेऊन मी उभा होतो, म्हणजे देवासमक्ष पोरीचा दुसरा बाप, पाद्रीनो मी, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते नि मी तिला कोमाद्रे. आणि हे नातं असं आहे बघा की सख्ख्या भावाशी भांडलात तर चालतं, कोमाद्रेला नाही म्हणून बघा, अख्खं गाव तोंडात शेण घालतं! पूर्वी बाप्तिस्म्याची आठवण म्हणून साखरेत घोळलेले बदाम वाटायचे. खाल्ले, संपलं, आठवण पोटात! आता नवी टूम. झाड! कॉफीच्या कपाएवढी कुंडी, तीत कोबीचं बाळंतपण अर्धवट राहावं तसला जाड्याजाड्या पानांचा गुच्छ, पानांच्या कडा गुलाबी, कुंडीच्या गळ्यात रिबीन, रिबिनीला चिठ्ठी: 'मी पालोमा. मला वाढवा.' घ्या! पोर तुमची, दूध तुमचं, आणि वाढवू मी?

आणि गंमत सांगू? ह्याच झाडाचं हिरवं, गावठी भावंड आमच्या कबरस्तानाच्या भिंतीवर शेकड्यांनी उगवलंय. ऊन बघत नाही, गारठा बघत नाही, कुणी थेंबभर पाणी घातलं असेल तर शपथ. आत झोपलेल्यांपेक्षा भिंतीवरची मंडळी तरतरीत! पण त्यालाच कुंडीत बसवा, गळ्यात रिबीन बांधा, की झालं, साहेबाच्या मुलीसारखे नखरे सुरू!

तर मी काय केलं? दुकानात आणलं, टर्पेंटाइनच्या डब्यांमागे झरोक्यात ठेवलं आणि विसरलो. चांगली दोन वर्षं विसरलो! कधी हाताला लागलंच तर रंगाचा ब्रश धुतलेलं चार थेंब पाणी उडायचं. बस्स.

मग गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, कोमाद्रे दुकानात. "कोंपाद्रे, जानेवारीत पालोमाला तीन वर्षं पुरी होतात, चर्चमध्ये आणायचीय तिला, पाद्रीनोने हात धरून वेदीपर्यंत न्यायचं. तुमचं झाड वेदीपाशी ठेवायचं हं, फोटोत पाहिजे." म्हटलं, ठेवू. तोवर मागून तिची सासू आली, प्रुदेन्सिया आजी. बाई पंच्याऐंशीची, पण जीभ पंचविशीतली. म्हणते, "ठेवाल हो, पण जिवंत ठेवा. ज्या पाद्रीनोला काही न लागणारं झाड जगवता येत नाही, त्याच्या हातात पोर काय म्हणून द्यायची? त्यापेक्षा एव्हारिस्तो बेकरीवाला बरा. त्याचं झाड पावाएवढं झालंय."

लागलं हो! इथे लागलं, काळजात! दुसरं काहीही बोला, मापात पाप म्हणा, रंगात पाणी म्हणा... पण माझी पोर त्या मैद्याच्या पोत्याच्या हातात? जिच्या बाप्तिस्म्याला चर्चच्या पायरीवर मी मूठमूठ नाणी उधळली, जिला माझं बोट धरल्याशिवाय बाजारात पाऊल टाकता येत नाही, तिला वेदीपर्यंत एव्हारिस्तो नेणार?

झाड खाली उतरवलं. गल्ल्यावर ठेवलं, खिळ्यांच्या कप्प्याच्या डोक्यावर. धूळ पुसली, तर काय... तुम्हाला खोटं सांगणार नाही, देखणं दिसलं. निळसर, गुबगुबीत. आणि तिथेच चुकलो. मी काळजी घ्यायला लागलो!

गुरुवारच्या बाजारातल्या रोपवाल्याला विचारलं, पाणी किती घालू? तो दातांतली काडी न काढता म्हणतो, "शेठ, पाणी घालायचं नाही." म्हटलं, बरं. "पण कोरडंही ठेवायचं नाही." अरे, मग करू काय, पाण्याचा फोटो दाखवू? "ऊन द्या, पण कडक नको. सावली द्या, पण दाट नको. माती नको, खडी द्या. कुंडी मोठी नको. हात लावू नका. तसं काऽही लागत नाही त्याला!"

दुकानात परत आलो तर बायको, एल्व्हिरा, कुंडीकडे बघून म्हणते, "अरे म्हाताऱ्या, उपाशी आहे ते," आणि अंड्याचं कवच चुरून घातलं. तिची मावशी चोले आली, "अगंबाई, किती सुकलंय," म्हणून राजमा शिजवलेलं पाणी घातलं, वर दृष्ट लागू नये म्हणून लाल दोरा बांधला. गिऱ्हाईक यायचं, खिळे घ्यायचं आणि जाता जाता बाटलीतलं घोटभर पाणी ओतायचं, पुण्य म्हणून! आणि मी? मी सगळ्यांच्या वरताण. सकाळी दुकान उघडलं की एक चमचा, जेवून आलो की एक चमचा, आणि दुकान बंद करताना, आपलं उगाच, वाईट वाटायला नको म्हणून अजून एक.

तिसऱ्या आठवड्यात पान गळलं. चौथ्यात चार. मग देठ असं मऊ झालं की हात लावला तर तमाले करायचं मक्याचं ओलं पीठ हाताला लागावं तसा लगदा! दोन वर्षं ब्रशच्या पाण्यावर हसत जगलेलं झाड, चार आठवड्यांच्या प्रेमाने मेलं. कुंडी उचलली, मागच्या दाराने कचऱ्यात, आणि गल्ल्यावर उरलं काय, तर तो लाल दोरा.

भिंतीवरचं गावठी आणून ठेवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण ते हिरवं पडलं, गुलाबी कडा कुठून आणू? रंगाचा दुकानदार असूनही सांगतो, झाडाला रंग देण्याइतका मी खाली घसरलेलो नाही. डबा उघडला होता, तो भाग वेगळा.

जानेवारी उजाडला. रविवारी चर्च, आणि शुक्रवारी कोमाद्रे दुकानात. दिवस भरत आलेले, दुसऱ्या खेपेचं पोट घेऊन सिमेंटच्या गोणीवर टेकली, धापा टाकतेय. म्हटलं, आता सांगून टाकावं. टोपी काढली. म्हटलं, "कोमाद्रे, झाड गेलं. मी मारलं. पाणी घालून घालून मारलं. रविवारी पोरीला त्या एव्हारिस्तोच्या हातात..." आणि टोपीनेच डोळे पुसले हो! एवढा बाप्या माणूस, मुठीएवढ्या कोबीसाठी!

तर ही बया रडायला लागली! हुंदके देऊन! म्हणते, "कोंपाद्रे, आता मी काय करू? माझं तर आठव्या दिवशीच मेलं होतं! खिडकीत आहे ते प्लास्टिकचं आहे. सासूबाई रोज त्याला पाणी घालतात नि मला म्हणतात, बघ, माझ्या हाताला कसा गुण आहे! मी तुमच्याकडे एक पान मागायला आले होते, रुजवायला..."

"अहो, मग एव्हारिस्तोकडे जायचं!"

"त्याचं कबरस्तानाच्या भिंतीवरचं आहे. परवा त्याच्या बायकोनेच मला सांगितलं."

बघा! ऐंशी कुंड्या वाटल्या होत्या, ऐंशी! काऽही लागत नाही म्हणून! आणि गावात जिवंत एक नाही!

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, दोन इंची खिळे पाव किलो. आता तो दोन इंचीचा कप्पा गेली सहा वर्षं पुरता बंद होत नाही, बोटभर फट राहते, वरून झरोक्याचं ऊन पडतं. कप्पा ओढला, मूठ घातली... काहीतरी थंडगार हाताला लागलं. बाहेर काढतो तर पान! गळलेल्यांपैकी एक, फटीतून आत पडलेलं. सुकून चिमटलेलं, पण बुडाशी गुलाबी दोऱ्यांसारखी मुळं, आणि त्यांच्यातच मसुरीएवढं, अगदी मसुरीएवढं, नवं झाड! कडा गुलाबी! ना पाणी, ना माती, ना चोले मावशी!

कोमाद्रेने हात पुढे केला. मी ओरडलो, "हात लावू नका! बघूसुद्धा नका! रविवारपर्यंत कुणी प्रेम करायचं नाही!"

रविवारी वेदीपाशी काड्यापेटीत ठेवलं. प्रुदेन्सिया आजीने चष्मा चढवला, काड्यापेटी नाकाशी धरली. "हे एवढंसं? दोन वर्षांत?" म्हटलं, "आजी, ही त्याची लेक." म्हातारीने काड्यापेटी अलगद वेदीवर ठेवली. मग म्हणाली, "लेक झाली म्हणजे जागा मानवली म्हणायची." आणि पालोमाचा हात माझ्या हातात दिला. एव्हारिस्तो आपला पावाएवढा कोबी घेऊन तिसऱ्या बाकावर! फोटोत फक्त त्याचा कान आलाय.

झालं, काड्यापेटी परत त्याच कप्प्यात. आता सुटलो म्हणतोय, तर मंगळवारी कोमाद्रे बाळंतपणाला निघाली आणि दारात पालोमा उभी. सोबत बोचकं, तीन बाहुल्या, एक तंगडीमोडकी कोंबडी आणि कागदभर यादी: दूध कोमट, पण साय नको, झोपताना दिवा, पण डोळ्यांवर नको, लाल चमचा, निळा नाहीच. आणि कोमाद्रे टॅक्सीतून डोकं बाहेर काढून ओरडतेय, "आठच दिवस, कोंपाद्रे! तुमच्याकडे जगतं हो सगळं! काऽही लागत नाही तिला!"

आणि आज सकाळी बघतो तर पोरगी रंगाच्या डब्यावर चढलेली, हातात पाण्याचं भांडं, दोन इंचीच्या कप्प्यावर वाकलेली. "पाद्रीनो, त्याला तहान लागलीये."

आता काय सांगणार? तीन वर्षांच्या जिवाला रोपवाल्याचं शास्त्र सांगू? तिच्या त्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, ओत बाई, ओत. थांब, आधी खिळे तेवढे काढून घेतो... गंजतात हो! झाड झालं, पोर झाली, दुकानात आता एवढा एकच माल उरलाय, ज्याच्याबद्दल कुणी म्हटलं नाही की काऽही लागत नाही त्याला.