धवला आणि मी

...नाही, पण मला सांगा, पाटावर बसणं हा काय गुन्हा आहे? मी फक्त पाटावर बसलो होतो हो!

तुम्हाला सांगतो, आमचं नवीन पनवेलात संग्रहालय मित्र मंडळ आहे. सगळे हौशी. इथली गाणी, रीती शोधायच्या, राष्ट्रीय लोककला संग्रहालयाला मिळवून द्यायच्या, तेही पदरचं पेट्रोल जाळून! मी प्रणित, खजिनदार, अविवाहित. वल्लरी चिटणीस, तीही अविवाहित, आणि आमचं मीटिंगच्या चहावरूनसुद्धा वाजतं!

तर संग्रहालयाच्या मनिषाताई कॅमेरा घेऊन आल्या. कशासाठी? धवल्यासाठी! आगरी लग्नात धवलारीण असते, ती बाई गाण्यातून अख्खं लग्न लावते. इथल्या खाडीकाठच्या एका गावात पूर्ण धवला येणाऱ्या एकट्या कृष्णाबाई उरल्यात, बाकी सगळा डीजे! आज रेकॉर्डिंग झालं नाही तर संग्रहालयाच्या दालनात धवला नाही, मनिषाताई सांगून मोकळ्या.

आम्ही त्यांच्या दारात पोचलो आणि कृष्णाबाईंनी अंगण बघितलं, कमरेवर हात ठेवले. "नवरा नाय, नवरी नाय, मंग मी गाऊ कोनासाठी? त्या कॅमेऱ्यासाठी?"

झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग वल्लरीकडे. मग परत माझ्याकडे... अहो, नुसतं बसायचं म्हणाले! मी फक्त पाटावर बसलो होतो!

आम्हा दोघांना मुंडावळ्या बांधल्या. हळद लावली. कृष्णाबाई गायला लागल्या आणि काय आवाज हो, अंगावर काटा आला! मी आपला मान डोलावतोय, तर गाण्यात काय? प्रणित नवरा, वल्लरी नवरी! शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. कृष्णाबाईंची सून प्रमिला जवळ उभी होती, तिला हळूच विचारलं, "वहिनी, हे... खोटं खोटंच ना?"

"आमची सासू खोटा धवला गात नाय," ती म्हणाली. "आन् तुमी मदीच उठलाव, तर ती परत कदी तोंड उघडाची नाय."

आता करा काय करायचं ते! उठलो तर धवला गेला, बसलो तर मी गेलो! वल्लरी दातओठ खात पुटपुटली, "उठलास ना प्रणित, तर याद राख!" जागची हलली नाही बया! आणि डोक्यावर तांदूळ पडले ते बदाबदा. मी फक्त पाटावर बसलो होतो...

बातमी घरी पोचली, आमच्या दोघांच्याही आया पेढे वाटून मोकळ्या झाल्या आणि तेवढ्यात मनिषाताईंचा फोन. कृष्णाबाईंनी लुगड्याला वायर लावू दिली नव्हती, म्हणून आम्ही माईक माझ्या सदऱ्याला लावलेला. "प्रणितजी, गाणं ऐकूच येत नाही हो, नुसती तुमची धडधड येतेय. परत घ्यावं लागेल!"

गेलो आम्ही दोघं कृष्णाबाईंकडे हात जोडून. त्या म्हणाल्या, "गाईन की! पन लगीन लागलेल्यांचा धवला दुसऱ्यांदा नाय. नवी नवरी आन."

मी वल्लरीकडे बघितलं.

"बस ना दुसरीबरोबर पाटावर," ती म्हणाली. "बसूनच दाखव!"

गप्प बसलो. अगदी नवऱ्यासारखा.