जाळायला दिलेला साचा

इटलीतल्या मोदेना शहराच्या दवाखान्यात शर्यतीच्या मोटारींच्या कारखान्यातले दोन निवृत्त कामगार माझ्या शेजारी बसले होते.

“इलारिओ, पहिल्या गाडीचा पत्रा ज्यावर ठोकून घडवला, तो लाकडी साचा नव्या मालकानं जाळायला सांगितला होता ना?”

“मलाच सांगितलं होतं. हो म्हणालो आणि घरी नेला. अकरा वर्षं झोपायच्या खोलीत होता.”

“वहिनी काही बोलल्या नाहीत?”

“म्हणाली, एकतर तो राहील नाहीतर मी. मग रोज स्वतःच पुसायची.”

“आणि कारखान्याला तीच गाडी पुन्हा बनवायची होती, तेव्हा?”

“गाडीचे आराखडे कुणाकडेच उरले नव्हते. साहेब घरी आले, साच्यावरून हात फिरवत उभे राहिले.”

“तू काय म्हणालास?”

“मी साचा उचलायला लागलो. बायकोच म्हणाली, सांभाळून न्या, डावीकडे जरा नाजूक आहे.”