पारड्यातली पोरगी

— नाही शेठ, गूळ मागाहून. आधी ती तागडी पुसा. सकाळपासून मिरच्या तोलल्या असतील तिच्यात, आणि हिला ठसका लागला की ही निळी पडते, ही निळी पडली की मी पांढरा पडतो — दोघांना कोण सांभाळणार, तुम्ही? हं. आता हा पंचा अंथरा, आणि याच्याच जोडीचा तो पलीकडच्या पारड्यात टाका, म्हणजे कापडाचं वजन फिटलं. थांबा, बटणं काढतो. हसा, हसा. लोक सदऱ्याच्या आत पाकीट ठेवतात, मी मुलगी ठेवतो. अख्ख्या अंबरनाथात छातीला पोर बांधून हिंडणारा बाप्या मी एकटाच. आळीतल्या बायका मला बाळंतीण म्हणतात — म्हणू देत, मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडली, त्यानंतर मिळालेली ही पहिलीच पदवी.

घरी सांगून आलोय, गूळ आणायला चाललो म्हणून. आमच्यात पोर तोलायचं नसतं ना, दृष्ट लागते. कारखान्याच्या दवाखान्यात काटा आहे, पण तिथला कंपाउंडर आकडा बघतो आणि मान हलवतो. तुम्ही मान हलवत नाही, म्हणून दर सोमवारी तुमच्याकडे. अडीच महिन्यांची झाली आता. दूध ओढायची ताकद नाही, मग काशी — माझी बायको — वाटीत दूध काढून देते आणि मी शाईच्या ड्रॉपरनं थेंब थेंब सोडत बसतो. उकळून घेतो हो ड्रॉपर, तेवढी अक्कल आहे. इतकी वर्षं शाळेत घालवून हाती काय लागलं, तर शाई न सांडता पेन भरता येतं. तेच कामाला आलं.

नाव? दर वेळी विचारता तुम्ही. नाही ठेवलं.

का म्हणजे? आमची वडीलधारी मंडळी! तुम्ही सिंधकडचे, तुम्हाला माहीत नसेल — सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. कोणी ठरवलं ते विचारू नका. आणि यंदा पंचांगात आषाढ आले दोन. झालं! ही आली त्या दिवशी, एवढीशी, ओंजळीत मावेल इतकी, कापसात गुंडाळलेली, धड रडताही येत नव्हतं — आणि ओटीवर आमचे आण्णा, वडील माझे, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस, पंचांग उघडून बसलेले. अधिक महिना धरायचा की नाही? धरला तर आठवा, सोडला तर सातवा. आई म्हणे, पोटातल्या पोराला कसला अधिक महिना. आण्णा म्हणे, चंद्राला आहे तर पोराला का नाही. दोन तास चाललं हे! आत पोरगी श्वास घेते की नाही ते बघायला दोघांतलं एकही उठलं नाही. शेवटी आण्णांनी पंचांग मिटलं, "आठवा" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले, जसे काही स्मशानातूनच आले होते.

मी? मी भांडलो की. सातवा म्हणालो, चांगलं ओरडून म्हणालो. आणि मागच्या पडवीत जाऊन बोटांवर मोजलं. अधिक धरून. पुन्हा मोजलं, पुन्हा धरूनच. मग अकरा दिवस शिवलो नाही हिला. सोयर होतं, असं सांगायला बरं असतं. — वजनं लावा ना, थांबलात का? — बाराव्या दिवशी तानी आली, डोंगरावरची ठाकरीण, आमच्याकडे मोळी टाकते ती. तिनं पोरीचे पाय चाचपले, तर गार. मला काही न विचारता माझा सदरा वर केला, पोर छातीला चिकटवली, वरून जुन्या लुगड्याचं धडुतं आवळून बांधलं आणि म्हणाली, "बापूस हायेस ना? मंग ऊब दे तिला."

त्याच दिवशी बारसं. आईनं पाळण्याला हळदकुंकू लावलेलं. आण्णासुद्धा — खोटं कशाला बोलू — गुळाचा खडा हातात घेऊन मुकाट उभे होते. मीच नको म्हणालो. नाव ठेवलं की हाक मारायची सवय लागते, आणि मग... अडीच शेर भरली की ठेवू, म्हणालो. त्यांचं पंचांग, माझी तागडी. फरक काय हो?

बोला, किती? गेल्या सोमवारी अडीच शेराला नवटाकभर कमी होती. — अडीच? पुरते? अंगठा काढा, शेठ. नाही? दोन्ही हात वर आहेत खरे तुमचे. मग तुम्ही कापूस धरलात. हा अंगावरचा कापूस धरायचा नसतो... बघा, माझ्या तोंडून आण्णाच बोलायला लागले. काढतो कापूस, काढूनच बघू —

ऐकलंत? जरा गार हवा लागली तर केवढ्यानं ओरडली! आणि काटा? हलला नाही? तसाच मधोमध? — उगी, उगी, झालं, घेतलं हं, अंजने, अंजनी माझी ती, उगी —

काय?

काही नाही म्हणालो मी. उतरवा ती वजनं, गिऱ्हाईक खोळंबलंय तुमचं. आणि गूळ द्या. पावशेर नको. शेरभर द्या.