विकतचं की खुलं?

दंतवैद्याकडे गाल धरून बसलेल्या शिंप्याशेजारी मामा-भाची येऊन टेकले. दोघांचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना होता. पंप साच्यात ओतण्याआधी तो संगणकावर चालवून बघायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावरून त्यांची जुंपली होती. शिंप्याने मासिक उघडलं, पण कान तिकडेच लावले.

"मामा, आज ठरवायलाच हवं. मागचा पंप गिऱ्हाइकाच्या विहिरीत फुटला, आठवतंय ना?"

"म्हणून तर म्हणतो, विकतचं घेऊ. अडलं की कंपनीला फोन करता येतो."

"मागे ते भाड्याने घेतलं तेव्हा केलात की फोन! काय म्हणाले?"

"म्हणाले काहीच नाहीत. पण गाणं छान लावलं होतं."

"माझं खुलं सॉफ्टवेअर घ्या, कुणीही फुकट वापरावं, सुधारावं असं. अख्खं जग मदतीला धावतं."

"फुकट सल्ला देणारं जग माझ्या घरातही आहे गं."

शिंप्याला हसू फुटलं आणि दाढेतून कळ गेली.

"परवा त्याच्या नेटवरच्या गटात एका अनोळखी बाईंनी माझी चूक दाखवली. पात्याचा कोनच मी उलटा भरला होता."

"अगं, मग बाईंनाच नोकरीवर घेऊ!"

"मामा!"

"बरं, ऐक. विकतचं अजून महिनाभर भाड्याने घेऊ. एकच पंप दोन्हींवर चालव. मग खरा बनवून हौदात सोडू. ज्याचं उत्तर जुळेल, ते घरात."

"आणि दोन्ही सॉफ्टवेअरचं एकमत झालं, पण पंप तिसरंच काही बोलला तर?"

"तर पंपाचं ऐकायचं. तो आपल्या घरचा."