तिसरा व्हॉल्व्ह

(रेडिओची खोली, सकाळची वेळ. टेबलावर बोलण्याचा छोटा सेट; शेजारी त्याचा आवाज लांब पोचवणारा अँप्लिफायर, झाकण काढलेलं.)

काका : ...चोर आहे तो गप्पू, चोर! मित्र म्हणून डोक्यावर बसवला, तर केसानं गळा कापला!

पुतणी : काका, आधी हात मागे. आत तीन हजार व्होल्ट खेळत असतात. प्लग काढला म्हणून लगेच निघून जात नाहीत.

काका : मला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हा मी या खोलीतून समुद्रापलीकडच्या लोकांशी गप्पा मारायचो.

पुतणी : म्हणूनच सांगते. तुमचा हात कापतोय.

काका : रागानं कापतोय.

पुतणी : वर्षभर?

काका : रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरवर नोकरी लागली म्हणून फार जीभ चालायला लागलीय तुझी. व्हॉल्व्ह बघ. मला एवढंच लिहून दे की माल खराब होता.

पुतणी : थांबा, बाहेर काढते. हं. हा उजेडात धरा. खाली पिनांपाशी काचेला बारीक तडा दिसतो? आणि पिनांमधलं कथील बघा, मेणबत्तीसारखं ओघळलंय.

काका : म्हणजे माल खराब!

पुतणी : अजिबात नाही. व्हॉल्व्ह तापलेला असताना त्याला गार करणारा पंखा बंद झालाय. आधीचे दोन ठेवलेत ना तुम्ही? द्या इकडे. बघा, तोच तडा, तेच कथील. तिघांचं मरण एकच.

काका : शक्यच नाही. बोलणं संपलं की मी पंखा चालू ठेवून आंघोळीला जातो. व्हॉल्व्ह निवला की पंखा आपोआप थांबतो, त्याला टायमर लावलाय मी. अगं, पहिला व्हॉल्व्ह तू शाळेत असल्यापासून चालला! तो गेला म्हणून गप्पूच्या दुकानातून दुसरा घेतला, तो दोन महिन्यांत आटोपला. मग त्यानं हा तिसरा बदलून पाठवला, तो तर महिनाभरही नाही.

पुतणी : इतकी वर्षं काही नाही आणि एकदम तीन? घरात काय बदललं गेल्या वर्षी?

काका : काय बदलणार? मी तोच, तुझी काकू तीच, भिंतीचा रंगसुद्धा तोच.

काकू : चहा घ्या. आणि... अगं, एक विचारू? भिंतीवरचं ते मोठं बटण बंद केलं, की तो पंखासुद्धा बंद होतो का?

पुतणी : काकू?

काकू : नाही, सहज विचारलं.

पुतणी : होतो बंद. सगळंच बंद होतं. तुम्ही करता?

काकू : यांची पाठ वळली की करते. यांनी कपडे केले, केस विंचरले, की परत लावून ठेवते. नाहीतर माझ्या वस्तूंना हात लावलास म्हणून घर डोक्यावर घेतात.

काका : तू? रोज?

काकू : रोज. तुमचा हात कापायला लागल्यापासून.

काका : अगं बाई! अगं काय केलंस हे! मी बाहेर वैरी शोधतोय आणि...

काकू : तुम्हीच सांगितलं होतंत, ही पेटी माणसाला जागच्या जागी मारते. आणि स्वतः आंघोळ करून ओल्या अंगानं येता, तिच्यावर टॉवेल टाकता! मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतेय.

पुतणी : टॉवेल? काका, या पेटीवर ओला टॉवेल?

काका : एखाद्या वेळी.

काकू : रोज.

पुतणी : मग व्हॉल्व्ह गेले ते बरं झालं म्हणायचं. तुम्ही राहिलात.

काका : थांब, थांब. दुसरा हिनं मारला, मान्य. पण हा तिसरा? पिना बघ. ओरखडे आहेत की नाहीत?

पुतणी : आहेत. वापरलेला होता, हे खरं.

काका : मग! जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला. ज्या दिवशी तो बसवला ना, त्याच सकाळी रेडिओवर सगळ्यांच्या देखत सांगितलं मी, गप्पू चोर आहे म्हणून.

काकू : काय सांगितलंत? कोणाला चोर म्हणालात?

काका : तुला त्रास नको म्हणून बोललो नव्हतो.

काकू : मला म्हणालात, गप्पूभाऊजी मुलीकडे राहायला गेलेत, म्हणून येत नाहीत.

पुतणी : काकू, कप कलला. अहो, चहा सांडला. बसा आधी.

काकू : तो व्हॉल्व्ह भाऊजींनी पाठवला नव्हता हो. स्वतः घेऊन आले होते, तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात तेव्हा. म्हणाले, "वहिनी, ही जात आता बाजारात मिळत नाही. माझ्या सेटमधला काढून आणलाय. त्याला सांगू नका, सांगितलंत तर तो घ्यायचा नाही."

काका : त्याच्या सेटमधला?

काकू : इथेच उभे होते. रुमालात गुंडाळून आणला होता, लेकरासारखा.

काका : अगं, त्याचा सेट घरी बनवलेला. बोलायला तो एकच व्हॉल्व्ह आहे त्यात. तो काढला तर हा बोलणार कसा?

पुतणी : तुम्ही चोर म्हणालात तेव्हा ते काय म्हणाले?

काका : काही नाही. चकार शब्द नाही. तेव्हापासून आजपर्यंत नाही. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, खाई त्याला खवखवे.

पुतणी : काका, ऐकायला व्हॉल्व्ह लागत नाही त्यांना. त्यांचा रिसीव्हर वेगळा आहे.

काका : म्हणजे... ऐकत होता?

पुतणी : असणारच.

काका : हा व्हॉल्व्ह चालला तोवर रोज सकाळी टोमणे मारलेत मी. रोज. लोक हसायचे. अरे देवा.

काकू : एकदा घरी येऊन भांडायचं तरी त्यांनी.

काका : ज्या घरानं चोर ठरवलं, तिथं कोणत्या तोंडानं येईल तो? छोटा सेट लाव गं.

पुतणी : अँप्लिफायरशिवाय आवाज गावाबाहेर जायचा नाही.

काका : चोर म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलंय. हेही सगळ्यांनी ऐकायला हवं.

पुतणी : ते मी बघते. आमच्याकडचा अँप्लिफायर आणून देते, मग सगळ्यांना सांगा.

काकू : भाऊजी इथून चौथ्या गल्लीत राहतात. तिथवर जाईल का आवाज?

पुतणी : तिथवर जाईल.

काका : माईक जरा तू धर. हात...

पुतणी : रागानं?

काका : नाही गं.

पुतणी : धरलाय. बोला.

काका : गप्पू, मी आहे. तुला उत्तर देता येणार नाही, मला आजच कळलं. दार तेवढं उघडं ठेव. आम्ही दोघं येतोय.