वाढत्या अंगाचं माप

नाही नाही, त्या खुर्चीवर नको — तिच्या गादीत टाचण्या असतात, परवा एक गिऱ्हाईक बसलं आणि असं उडालं म्हणता! इकडे स्टुलावर बसा. ती रक्ताच्या नळ्यांची पेटी टेबलावर ठेवा, कापड सरकवते मी. तर काय म्हणत होते — हां, वही. शिलाईच्या दुकानात मापांची वही मागायला संशोधन करणारी डॉक्टर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आजवर या वहीची विचारपूस फक्त उंदरांनी केली.

हे माझ्या भाच्याचं पान. त्याच्या शाळेच्या पँटी सगळ्या मीच शिवल्या — आत्या शिवणारी असताना वहिनी कशाला दुसरीकडे जाईल? हे बघा, जूनमध्ये लांबी तेहेतीस इंच, डिसेंबरात पस्तीस, पुढच्या जूनला साडेसदतीस. खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवतो ना आम्ही, वाढत्या अंगासाठी, त्याला माया म्हणतात. एरवी दोन वर्षं पुरते, याची सहा महिन्यांत संपायची. आणि मी काय करत होते? मिरवत होते! आमच्या घराण्याची उंची, म्हणायचे. भाऊ म्हणायचा, हा दाराची चौकट बदलायला लावणार. खेळाचे सर तर खूश — बास्केटबॉलला आयता खांब मिळाला. डोकं दुखतं म्हणायचा पोर, तर मी म्हटलं, मोबाइल कमी बघ. झालं आमचं निदान!

कळलं कसं? अहो, या आरशासमोर. पँट घालून बघायला उभा राहिला की कोपराने टाचण्यांची डबी पाडायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हटलं, धांदरटा, डोळे काय खिशात ठेवलेस? चौथ्यांदा मात्र टाचण्या गोळा करता करता थांबले. त्याच्या कानाच्या बाजूने टेप पुढे धरला, विचारलं, हातात काय आहे माझ्या? तर म्हणतो, "तू आहेस कुठे, आत्या?" — आणि मी त्याला खेटून उभी! त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तिथून स्कॅनला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मेंदूखाली उंची वाढवणारी वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यावर गाठ, ती डोळ्यांच्या नसेवर बसलेली. नाकातून काढली म्हणे! आता इंजेक्शन चालू आहे, पँट तीच वर्षभर टिकते, आणि पोरगं मलाच ऐकवतं, "आत्या, तुझा धंदा बसवला की नाही?"

आमचे वडील? वडील म्हणजे — पंजा केवढा, सुपाएवढा. बोटातली अंगठी कापून काढावी लागली होती, चपला सांगून करून घ्यायचे. नजरही गेलीच शेवटी. आम्ही म्हणायचो, वयाने. वय कसलं, पन्नाशीसुद्धा नव्हती. तुम्ही आमच्या घराण्याचा तो कागद काढलात ना, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, रंगवलेला म्हणजे आजारी — त्यात वडिलांचा चौकोन तुम्ही पेन्सिलीने हलका रंगवलात, मी बघितलं.

भावाने रक्त दिलं, त्यात पोराच्या जनुकातला तोच बिघाड निघाला, आणि स्वतः तो धडधाकट. मजाच आहे. मग माझी पाळी. अर्धी शक्यता, नाणं उडवल्यासारखी — ऐकलं मी, दोनदा फोनवर ऐकलं. बिघाड असला तरी पुष्कळांना गाठ होतच नाही, तेही ऐकलं. देईन ना. आज गर्दी आहे. कुठे म्हणजे? येतील की गिऱ्हाइकं! आणि मला काय झालंय, मी ही एवढीशी, बरणी काढायला स्टूल लागतं —

पुढचं पान नका उलटू.

अहो, काही नाही त्यात. लेकीचं आहे. दहा वर्षांची. रिकामं दिसतंय ना? फेब्रुवारीनंतर काही लिहिलेलंच नाही. तिला तयार कपडे घेते हल्ली. हसा, हसा, शेजारीणही हसते — शिवणारणीची लेक तयार कपड्यात! लेकीला सांगितलं, फॅशन आहे. तीन आकडे मोठे आणते, म्हणजे आखूड झाले का ते बघायला नको. सकाळी ती वेणीला पुढ्यात बसते, तेव्हा बसलेलीच असते — बसलेल्या माणसाची उंची कळत नाही, बरं का. उभी राहिली की मी काहीतरी काम काढून वळते. आठ महिने वळतेय. दुकानात येणाऱ्या परक्या पोरांना नुसत्या नजरेने मापते मी, अर्ध्या इंचाची चूक होत नाही. आणि स्वतःच्या...

परवा म्हणाली, आई, डोकं दुखतंय. माझ्या तोंडून काय आलं असेल? मोबाइल कमी बघ.

घ्या. डावा हात चालेल ना? उजव्याने कात्री धरते. आणि हसू नका, जन्म सुईत गेला, पण टोचून घ्यायची मला भीती वाटते. तिकडे बघते मी, आरशाकडे.

झालं? एवढंच? बरं. ती साडेपाचला येते शाळेतून. थांबता तोवर? हा घ्या टेप, तुम्ही मापा. मी पाठमोरी उभी राहून लिहून घेईन. नाही — समोरच राहीन. आता गप्प बसा जरा, हा ब्लाऊज एका बाईंना संध्याकाळी द्यायचाय.